मॉडेल माहीत नसलेल्या जुन्या हार्वेस्टरचे पार्ट सोलापुरात कुठं मिळतील?

वैरागचा_गडी:
नमस्कार मंडळी. मागच्या उन्हाळ्यात एक जुना हार्वेस्टर घेतला, स्वस्तात मिळाला म्हणून. पत्र्यावर १९९१ खोदलंय पण नावाची पट्टी गंजून गेलीय, ज्याच्याकडनं घेतला तो म्हणला पंजाबातलं, नाभ्याकडचं असंल. इंजिन लेलँडचं ट्रकवालं हाय, त्याची काय तक्रार न्हाई, कुठलाबी ट्रकचा मिस्त्री हात लावतो. घोळ मागं हाय. मळणीच्या ड्रमची एक पट्टी तुटलेली, नवी बसवली तर आता फुल रेसला अख्खं मशीन थरथरतंय, सीटवर कपातला चहा ऱ्हात न्हाई. वॉकर, म्हंजे मळलेला भुसा हलवून मागं ढकलणारा भाग, खडखडतोय, आणि कन्व्हेयरचा एक स्प्रॉकेट, चेनचं दातेरी चाक, तर झिजून करवतीसारखा झालाय. दुकानात गेलं की पहिला प्रश्न, मॉडेल कुठलं? कुठनं सांगू ओ? सोयाबीन महिन्यावर आलंय.

काळी_माती_मोहोळ:
मॉडेल विसरा मालक. बेरिंग, बेल्ट, चेन सगळं नंबरावर मिळतं, त्याला हार्वेस्टरचं दुकान लागत नाही. बेरिंगची कड डिझेलनं पुसा, नंबर दिसतो. पुसला गेला असंल तर शाफ्ट मोजा, ४० एमएम म्हणजे ६२०८ नाहीतर ६३०८, शेवटच्या दोन आकड्याला ५ नं गुणलं की शाफ्टचं माप. यातलं कुठलं ते बाहेरच्या मापावर, ८० का ९० एमएम. बेल्टची वरची रुंदी १७ एमएम असंल तर बी साइज, २२ असंल तर सी. लांबी जुन्या बेल्टवरनं घेऊ नका, तो ताणलेला असतो, टेन्शनर (बेल्ट ताणणारी पुली) मधोमध आणून पुलीच्या काठावरनं सुतळी फिरवा आणि दुकानदाराला हे बाहेरचं माप आहे म्हणून सांगा. जोडीचे बेल्ट असतील तर दोन्ही एकदमच बदला, एक नवा एक जुना ठेवला की सगळा भार नव्यावर.

हडंब्यापासून_हार्वेस्टर:
वरचं बरोबर आहे पण थरथर बेरिंगची न्हाई, पट्टीची हाय. एकच पट्टी बदलली ना? तिथंच चुकलं. बाकीच्या झिजून हलक्या झाल्यात, नवी जड, मग ड्रम एका अंगाला झुकणारच. समोरासमोरची जोडी बदलायची, आणि दोन्ही पट्ट्या वजनकाट्यावर सारख्या भरल्या पायजेत. आणखी एक, पट्टीवरच्या तिरक्या रेघा बघा, एक डावी एक उजवी अशा आलटून पालटून असतात. चुकून सगळ्या एकाच अंगाच्या बसवल्या की माल एका कडेला पळतो. बेल्ट काढून ड्रम हातानं फिरवून सोडा, दरवेळी एकच बाजू खाली येऊन थांबत असंल तर ती जड. ड्रमखालच्या जाळीचं अंतरबी परत लावा, सगळ्यात उंच पट्टीपासनं मोजून.

आणि कृपा करून ड्रमवर वेल्डिंग मारताना अर्थ चेसिसला लावू नका, करंट बेरिंगमधनं जातो, गोळ्यांना खड्डे पडतात. आमचं एक चांगलं बेरिंग असंच गेलं, मिस्त्री म्हणतो बेरिंगच डुप्लिकेट.

पेठेतला_लूमवाला:
शेतीतलं मला कळत नाही पण स्प्रॉकेटचं सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीला पॉवरलूमचे गिअर कापणारे टर्नर आहेत, त्यांना स्प्रॉकेट म्हणजे काय मोठं काम नाही. फक्त झिजलेल्या दातावरनं कॉपी करू देऊ नका, नाहीतर नवा पार्ट पण झिजलेलाच बनतो. चेनचा हातभर तुकडा बरोबर न्या, पिचवरनं, म्हणजे चेनच्या दोन पिनांमधल्या अंतरावरनं, दात कापायला सांगा. चेन लांबली असंल तर आधी चेन नवी घ्या, नाहीतर नवे दात चार दिवसांत खाईल.

वैरागचा_गडी:
लै उपकार. किराणा दुकानाच्या काट्यावर पट्ट्या ठेवल्या, समोरच्या जुन्या पट्टीत साडेचारशे ग्रॅमचा फरक निघाला! दुसरी नवी सांगितलीय, रेघांचा फोटो पाठवून. आता वॉकर खोलला तर क्रँकवर बेरिंगच न्हाईत, लाकडी ठोकळे हायत, पार चिरलेले. हे कुणी तात्पुरतं केलंय का?

हडंब्यापासून_हार्वेस्टर:
न्हाई ओ, जुन्या मशीनला तसंच असतंय. सुताराकडनं वाळलेल्या बाभळीचे करून घ्या, ओलं लाकूड नको. गरम तेलात मुरवायचे, उकळतं न्हाई, नुसतं गरम. आणि बसवल्यावर वरनं ग्रीस फासू नका, भुसकट चिकटून पॉलिश पेपरसारखं घासतं.

वैरागचा_गडी:
किती वेळ ठेवायचे तेलात?

हडंब्यापासून_हार्वेस्टर:
बुडबुडे यायचे थांबले की चूल विझवा, आणि तेल थंड होईस्तोवर ठोकळे त्यातच राहू द्या.