कपात दोन्ही रंग सारखेच, मग पॅनेलवर एकच का ओघळतो?

नवा_लॅबवाला

नमस्कार मंडळी. रंगाच्या प्रयोगशाळेत लागून मला चार महिने झालेत, शिक्षण केमिस्ट्रीचं. एक गोष्ट डोक्यातून जात नाही म्हणून विचारतोय.

सिंथेटिक इनॅमलचे दोन नमुने आहेत, 'अ' आणि 'ब'. रेझिन तेच, पिग्मेंट तेच. 'ब'मध्ये थोडी बेंटोनाइट क्ले (रंग दाट करणारी माती) आहे आणि ती घातल्यामुळे सॉल्व्हंट किंचित वाढवलंय. फोर्ड कप नंबर ४, म्हणजे तळाला छिद्र असलेला मोजणीचा कप, दोन्ही रंगांनी ५८ सेकंदांत रिकामा होतो. तापमान २५ अंशांवर धरून तीन-तीनदा मोजलं. पण पत्र्याच्या पॅनेलवर लावून पॅनेल उभं केलं की 'अ' दोन मिनिटांत ओघळतो, खालच्या कडेला जाड थेंब लोंबायला लागतात. 'ब' जिथल्या तिथे.

व्हिस्कॉसिटी एकच असेल तर वागणं वेगळं कसं? माझं मोजण्यात चुकतंय, की व्हिस्कॉसिटी म्हणजे काय हेच मला नीट कळलेलं नाही?

मोजपट्टी

चार महिने झालेत म्हणतोस, तेव्हा एकेरीत बोलते, राग मानू नकोस. माझी एकवीस वर्षं रंग मोजण्यात गेली. हा प्रश्न प्रत्येक नव्या माणसाला पडायला हवा असं मला मनापासून वाटतं. ज्याला तो पडत नाही तो वहीत नुसते सेकंद भरत राहतो.

तुझं मोजणं चोख आहे. पण कपातून रंग ज्या झपाट्याने वाहतो त्या झपाट्याने तो पॅनेलवरून वाहत नाही, सगळी गोम तिथे आहे.

व्हिस्कॉसिटी म्हणजे नुसता दाटपणा नव्हे. द्रवाचा एक थर दुसऱ्यावरून सरकवायला दर चौरस मीटरला जेवढं बल लागतं तो ताण. दोन थरांच्या वेगातला फरक भागिले त्यांच्यातलं अंतर, तो शिअर रेट. ताणाला शिअर रेटने भागलं की व्हिस्कॉसिटी. हे गुणोत्तर कायम राहतं असं न्यूटनने १६८७ मध्ये गृहीत धरलं, आणि पाणी, ग्लिसरीन यांच्यापुरतं ते खरंच कायम राहतं. २० अंशांना पाणी १ मिलिपास्कल-सेकंद (हे व्हिस्कॉसिटीचं एकक), ग्लिसरीन त्याच्या सुमारे १४०० पट. हळू ढवळ की जोरात, आकडा तोच. रंग तसा वागेलच याची खात्री नसते.

आता तुझे आकडे घेऊ. कपाचं छिद्र ४.१२ मिलिमीटरचं, त्यातून १०० मिलिलिटर रंग ५८ सेकंदांत बाहेर. छिद्राच्या कडेशी शिअर रेट येतो साधारण २५० प्रति सेकंद. ब्रश सेकंदाला अर्धा मीटर ओढलास आणि खाली १०० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा, थर असला, तर ५०००. उभ्या पॅनेलवर मात्र रंगाला खाली ओढतं ते त्याचं स्वतःचं वजन, बाकी काही नाही. घनता गुणिले गुरुत्व गुणिले जाडी: ११०० × ९.८ × ०.०००१. जेमतेम १.१ पास्कल!

'अ' हा जवळजवळ न्यूटनच्या नियमाने चालणारा द्रव दिसतोय. ५८ सेकंद म्हणजे अंदाजे ०.२२ पास्कल-सेकंद. १.१ पास्कलखाली त्याचा शिअर रेट होतो ५, आणि थराची वरची बाजू सेकंदाला पाव मिलिमीटर घसरते. मिनिटाला दीड सेंटिमीटर. सॉल्व्हंट उडेल तसा तो मंदावतो, पण तोवर तुझे थेंब कडेला पोचलेले असतात. जाडी दुप्पट झाली तर हा वेग चौपट होतो, म्हणून रंग जिथे जाड बसलाय तिथूनच ओघळ सुरू होतात.

'ब'मध्ये क्लेचे पापुद्रे एकमेकांना धरून सैलसर जाळं करतात. ते तुटेल इतका ताण आल्याशिवाय रंग वाहत नाही. त्या किमान ताणाला यील्ड स्ट्रेस म्हणतात. तो १.१ पास्कलच्या वर असला की १०० मायक्रॉनचा थर जागचा हलत नाही. कपाच्या छिद्रात ताण त्याच्या कितीतरी पट, तिथे जाळं टिकत नाही, म्हणून तिथे दोन्ही सारखे.

डोळ्यांनी बघायचं असेल तर पारदर्शक हेअर जेलची बाटली उजेडासमोर धर. आत टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे अडकलेले दिसतील. बाटली उलटी करून रात्रभर ठेव, सकाळी ते तिथेच असतील. एवढ्याशा बुडबुड्याच्या उचलीने जेलमध्ये फार तर काही पास्कल ताण येतो, तो जेलला पुरत नाही. बोटाने दाबलंस की तेच जेल निमूट बाहेर येतं.

पदार्थ कसे वाहतात याच्या शास्त्रात आपल्या धंद्याचा वाटा आहे याचा मला अभिमान वाटतो. रंग हा नुसता चिकट द्रव नसून 'प्लास्टिक' पदार्थ आहे, असं युजीन बिंगहॅम आणि हेन्री ग्रीन या संशोधकांनी १९१९ मध्ये मांडलं. पुढच्याच वर्षी बिंगहॅमने या शास्त्राला ऱ्हिऑलॉजी हे नाव दिलं.

थेंब_थेंब

ताईंचं उत्तर उत्तम, फक्त 'वाहत नाही' म्हणताना 'किती वेळ पाहिलं' हेही सांगायला हवं. क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये पिच, म्हणजे डांबरासारखा काळा पदार्थ, नरसाळ्यात ओतून ठेवला. १९३० मध्ये नरसाळ्याचं खालचं तोंड कापलं. नववा थेंब सुटला २०१४ मध्ये. हातोडा मारला तर याच पिचचे काचेसारखे तुकडे होतात, आणि व्हिस्कॉसिटी पाण्याच्या सुमारे २३० अब्ज पट आहे. मार्कुस रायनर यांनी १९६४ मध्ये यासाठीच डेबोरा अंक सुचवला: पदार्थाला आतला ताण सैल करायला लागणारा वेळ भागिले आपण पाहतो तो वेळ. अंक मोठा तर पदार्थ घनासारखा वागतो, लहान तर द्रवासारखा.

मोजपट्टी

अगदी बरोबर. रंगापुरतं पाहायचं तर, थर वाळेपर्यंतच्या वेळात तो हलायला नको, एवढं पुरे.

वेळेचा मुद्दा निघालाच आहे तर माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी ओघळ थांबवायचे म्हणून मी क्ले सढळ हाताने वाढवली. ओघळ थांबले, पण ब्रशच्या रेघा तशाच वाळल्या. पॅनेलवरून बोट फिरवलं की नखाला खरखर लागायची. सगळी बॅच परत मिलमध्ये, म्हणजे रंग घोटायच्या यंत्रात, गेली. रेघा सपाट करतो पृष्ठताण. दोन मिलिमीटर अंतरावरच्या रेघा आणि १०० मायक्रॉनचा थर धरून हिशेब केला तर त्याचा जोरही एक-दोन पास्कलचाच निघतो. म्हणजे जो यील्ड स्ट्रेस ओघळ अडवतो तोच रेघाही मिटू देत नाही.

यातून सुटका वेळेनेच होते. ब्रशने मोडलेलं जाळं लगेच जुळू नये. काही सेकंद रंग पातळ राहावा, तेवढ्यात रेघा बसाव्यात, मग हळूहळू तो आवळत यावा. याला थिक्सोट्रॉपी म्हणतात. चांगल्या इनॅमलचं सगळं कसब त्या काही सेकंदांत असतं, आणि कपाला त्याचा पत्ताही लागत नाही. स्पिंडलचा व्हिस्कोमीटर (रंगात दांडी फिरवून व्हिस्कॉसिटी मोजणारं यंत्र) असेल तर दोन्ही नमुने आधी वेगात आणि मग एकदम हळू फिरवून बघ. शिवाय वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या ओढून पॅनेल उभं कर.

नवा_लॅबवाला

ताई, केलं. ६० आरपीएमला दोन्ही जवळपास सारखे. ०.६ आरपीएमला 'अ' तेवढाच राहिला आणि 'ब' नऊ पट झाला. वेग कमी केल्यावर 'ब'चा आकडा साधारण चाळीस सेकंद चढतच होता, मी मध्येच नोंद घेणार होतो, पण थांबलो.

पट्ट्यांमध्ये १०० मायक्रॉनला 'ब' हलला नाही, २०० ला ओघळला. म्हणजे त्याचा यील्ड स्ट्रेस १.१ आणि २.२ पास्कलच्या मध्ये कुठेतरी, असं धरू का?

मोजपट्टी

धर. आता १२५, १५०, १७५ च्या पट्ट्या घेऊन ती दरी कमी कर. जाडी मात्र ओल्या थराची मोज, वाळल्यावरची नको. आणि पट्टी ओढल्यावर पॅनेल लगेच उभं कर. आडवं ठेवून दोन मिनिटं थांबलास तर जाळं पुन्हा जुळलेलं असेल आणि 'ब' आहे त्याहून चांगला दिसेल.