शेतीसाठी आणि वर्कशॉपसाठी बॅटरीवरची हत्यारे निवडताना काय पाहावे?

प्रश्न (द्राक्षबागायतदार, तासगाव तालुका)

नमस्कार. आमची द्राक्षबाग असून वस्तीवरच ट्रॉली, नांगर आणि ब्लोअरच्या दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप आहे. मांडवाचे अँगल आणि तारा, ठिबकच्या सबमेनला भोके पाडणे, बागेत अडकलेल्या ट्रॅक्टरचे चाक खोलणे ही सगळी कामे वीजजोडणीपासून लांब असतात आणि तेथवर एक्स्टेन्शनची वायर ओढत नेणे आता नकोसे झाले आहे. ड्रिल, ग्राइंडर आणि इम्पॅक्ट पाना (धक्के देत नट सोडवणारे मशीन) ही तिन्ही हत्यारे बॅटरीवरची घ्यावीत का, आणि १८ व्होल्ट व २० व्होल्ट यांत नेमका काय फरक आहे, हे कृपया सांगावे.

उत्तर (फॅब्रिकेशन व्यावसायिक, कराड)

तिन्ही एकदम घेऊ नका. ड्रिल आणि इम्पॅक्ट पाना बॅटरीवरचे जरूर घ्या, कारण ही हत्यारे क्षणभर जोर लावून थांबतात आणि एका चार्जवर बरेच काम करून देतात. ग्राइंडरचे तसे नाही. तो सतत ताकद खातो, म्हणून वर्कशॉपमधला वायरचा चार इंची ग्राइंडर आहे तसाच राहू द्या. बागेत एखादा अँगल कापण्यापुरता बॅटरीचा ग्राइंडर सोयीचा आहे, मात्र दिवसभर वेल्ड घासण्याचे काम त्याच्याकडून अपेक्षू नये.

ट्रॅक्टरच्या चाकासाठी अर्ध्या इंची चौकाचा (सॉकेट बसते त्या चौकोनी टोकाचा) इम्पॅक्ट पाना घ्या. स्क्रू आवळण्याचा छोटा इम्पॅक्ट ड्रायव्हर तेथे पुरणार नाही, कारण गंजलेला नट सोडवायला तो आवळताना लागला होता त्यापेक्षा पुष्कळ जास्त जोर लागतो. सॉकेट काळे, म्हणजे इम्पॅक्टचेच हवेत. साधे चकचकीत सॉकेट धक्क्याने तडकतात. चाक परत बसवताना मशीनने नट जेमतेम टेकवावेत आणि शेवटची आवळणी टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच करावी.

उत्तर (विद्युत देखभाल विभागात नोकरी, पिंपरी)

व्होल्टचा गोंधळ आधी दूर करतो. दोन्ही बॅटऱ्यांत लिथियमचे पाच सेल एका रांगेत जोडलेले असतात. सेलचे सरासरी व्होल्टेज ३.६ धरले तर बेरीज १८ होते आणि पूर्ण चार्ज झालेल्या सेलचे सुमारे ४ धरले तर २० होते, त्यामुळे एवढ्या आकड्यावरून डावे-उजवे ठरवण्यात अर्थ नाही. बॅटरीची खरी साठवण व्होल्ट आणि अँपिअर-तास यांच्या गुणाकारातून कळते: १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॉट-तास. पाठीवरच्या फवारणी पंपातील १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची जड बॅटरी ९६ वॉट-तासांची असते, यावरून अंदाज यावा. सातशे वॉटचा भार सतत दिला, तर हेच ९० वॉट-तास सात-आठ मिनिटांत संपतात; ग्राइंडरविषयी वर जे लिहिले आहे त्यामागचे गणित हेच आहे.

माझ्या मते हत्यार निवडण्यापूर्वी बॅटरीचे घराणे निवडावे. मकिता, बॉश, डीवॉल्ट यांच्या बॅटऱ्या एकमेकींच्या हत्यारांत बसत नाहीत, आणि बॉशच्या तर निळ्या व हिरव्या मालिकांच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्यासुद्धा परस्परांत चालत नाहीत. पहिल्या खरेदीत दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर घ्या, पुढची हत्यारे नुसती, बॅटरीविना घ्या. मोटर शक्यतो ब्रशलेस, म्हणजे कार्बनच्या ब्रशविना चालणारी असावी: कार्बन बदलण्याची कटकट नाही आणि त्याच चार्जवर काम थोडे अधिक होते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. ऑनलाइन ‘४८ व्ही’ असे छापलेला इम्पॅक्ट पाना दोन बॅटऱ्यांसह फारच स्वस्त दिसतो. तो कसा असेल? छाटणीची बॅटरीवरची कात्रीही याच घराण्यात घ्यावी का?

उत्तर (द्राक्ष उत्पादक, निफाड)

कात्री त्या हिशेबात धरू नका. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांत मजुराच्या हातात ती दिवसभर असते, म्हणून वजन कमी असणे सर्वांत महत्त्वाचे. वेगळी बॅटरी लागली तरी चालेल. जी कात्री जाड काडी सहज तोडते तिला बोट तोडायला वेळ लागत नाही, तेव्हा काडी धरणारा हात पात्यापासून लांब ठेवण्याची सवय नव्या माणसाला पहिल्याच दिवशी लावावी.

उत्तर (पिंपरी)

‘४८ व्ही’ हे बहुधा नुसते नाव असते. चार्जरवर २१ व्होल्ट लिहिले असेल, तर आत पाचच सेल एका रांगेत आहेत असे समजा. जुन्या बारीक आकाराच्या एका सेलची साठवण साधारण २ ते ३ अँपिअर-तास असते, त्यामुळे तसल्या पाच सेलांच्या बॅटरीवर ६ किंवा ८ अँपिअर-तास छापले असतील तर ते खोटे आहे.

चार्जर घरच्या सिंगल फेजवर लावा, शेडमध्ये नको. मे महिन्यात पत्र्याखाली तापलेली बॅटरी चांगला चार्जर घेतच नाही, ती थंड होईपर्यंत थांबतो. स्वस्त चार्जर मात्र तशीच चार्ज करून तिचे आयुष्य घटवतो. बोर्डोची (मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाची) फवारणी चालू असताना बॅटऱ्या झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण मोरचुदाने टर्मिनल खराब होतात. आणि पैसे देण्यापूर्वी सांगली किंवा मिरजेच्या विक्रेत्याकडे सुटी बॅटरी व ड्रिलचा चक (बिट पकडणारा भाग) प्रत्यक्ष शिल्लक आहे का, ते विचारून घ्या.