लास वेगासला तीन दिवस द्यावेत का?

ओसरी :
ऑक्टोबरमध्ये माझे आई-वडील पुण्याहून आमच्याकडे लॉस एंजेलिसला येत आहेत. अशा प्रत्येक पाहुण्याच्या कार्यक्रमात लास वेगासचे तीन दिवस जणू आधीच छापलेले असतात. ते सरळ गाळावेत, असे माझे मत आहे. नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगाराला मान्यता दिली आणि त्या एका कायद्यावर मोहावी वाळवंटातले हे शहर पोसले गेले. पॅरिसचा नकली मनोरा काय, व्हेनिसचे नकली कालवे काय, सगळी आरास गिऱ्हाईक टेबलापर्यंत आणण्यासाठी आहे. मी गेलो होतो तेव्हा सकाळी सात वाजता चहाच्या शोधात खोलीतून खाली उतरलो. लिफ्टपासून दारापर्यंत जायचे तर यंत्रांच्या रांगांमधूनच वाट काढावी लागत होती, कोठे खिडकी नाही, भिंतीवर घड्याळ नाही, आणि एका यंत्रासमोर रात्रीच्याच सुटातले एक गृहस्थ अर्धे खाल्लेले केळे शेजारी ठेवून तेच ते बटण दाबत बसले होते. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना हे दाखवण्यासाठी मोटारीने चार-साडेचार तास न्यायचे कशाला?

चकवा :
ओसरी, आपण अख्ख्या शहराला त्याच्या तळमजल्यावरून जोखत आहात. माझे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले; त्यांनी तीन दिवसांत एक डॉलरही लावला नाही, परंतु शहरापासून पाऊण तासावरच्या हूवर धरणावरून त्यांना परत आणताना आम्हाला अक्षरशः ओढावे लागले. कोयनेची उंची १०३ मीटर, याची २२१, आणि बांधणी १९३० च्या दशकातली. काँक्रीट घट्ट होताना उष्णता सोडते; एवढा ढीग एकसंध ओतला असता तर तो निवायला शंभराहून अधिक वर्षे लागली असती, असा हिशेब होता. म्हणून ते ठोकळ्या-ठोकळ्यांनी ओतले, प्रत्येक थरात पोलादी नळ्या घातल्या, त्यांतून गार पाणी फिरवले आणि थंड झाल्यावर त्याच नळ्या सिमेंटच्या घोळाने बुजवल्या. हे सगळे बाबा कठड्याला टेकून मला सांगत होते, आणि शेजारी उभे असलेले एक अनोळखी कुटुंबही, भाषा कळत नसताना, त्यांच्या हातवाऱ्यांकडे बघत उभे होते. शिवाय रेड रॉक कॅन्यनचे तांबडे कडे अर्ध्या तासावर आहेत, ते मोटारीत बसूनही पाहता येतात. गुडघे दुखणाऱ्या माणसांना याहून सोयीचे वाळवंट कोणते? आणि हौस म्हणून वीस डॉलर लावले, तर काय बिघडले? माझी बहीण जिंकलीही.

गणिती :
बहीण जिंकली याचा आनंद आहे, पण तो युक्तिवाद नव्हे. रूलेटमध्ये फिरत्या चाकावर गोळी कोणत्या घरात थांबेल यावर पैसे लावतात. अमेरिकी रूलेटच्या चाकावर १ ते ३६ आकड्यांखेरीज शून्य आणि दुहेरी शून्य अशी दोन घरे असतात, म्हणजे घरे ३८. एका आकड्यावर जिंकल्यास मात्र लावलेले पैसे परत आणि वर त्यांच्या पस्तीसपटच मिळतात. त्यामुळे लावलेल्या प्रत्येक शंभरातले सरासरी सव्वापाच डॉलर जुगारघराचे. युरोपातल्या एका शून्याच्या चाकावर हाच वाटा पावणेतीनच्या आत आहे, आणि वेगासमध्ये काही ठिकाणी तर तीन शून्यांची चाके आली आहेत, जिथे तो साडेसातच्या वर जातो. गोव्याला मांडवी नदीतल्या जुगाराच्या बोटींवर जाणाऱ्या आपल्या मंडळींनाही हा हिशेब सांगून पाहिला. प्रत्येकाला वाटते की तो दुसऱ्यासाठी आहे. खेळू नये असे मी म्हणत नाही, तिकीट समजून खेळावे.

ओसरी :
धरणाचा मुद्दा मी मान्य करतो. परंतु त्या धरणामागचा मीड जलाशय २०२२ मध्ये इतका आटला होता की कड्यांवर पांढरा पट्टा दुरूनही दिसत होता, आणि त्याच वेळी शहरात कारंजी नाचत होती. दुष्काळी भागातून आलेल्या माणसाने त्यासाठी टाळ्या वाजवायच्या का?

पाणपोई :
मी हेंडरसनला, म्हणजे वेगासच्या शेजारीच, राहते. म्हणून एवढी दुरुस्ती करते. बेलाजिओ हॉटेलसमोरची ती कारंजी कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर चालत नाहीत, तेथे स्वतःची विहीर आहे. नदीच्या खालच्या खोऱ्यातील तीन राज्यांच्या वार्षिक ७५ लाख एकर-फुटांपैकी (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जागेवर फूटभर पाणी) नेवाड्याच्या वाट्याला जेमतेम ३ लाख येतात, आणि घरांत व हॉटेलांत वापरलेले जवळजवळ सगळे पाणी शुद्ध करून पुन्हा मीड जलाशयात सोडले जाते. खरी गळती हिरवळीची. केवळ शोभेसाठी लावलेल्या गवताविरुद्ध येथे २०२१ मध्ये कायदा झाला, आणि आमच्या कोपऱ्यावरच्या चौकातले गवत उपटून तेथे खडी व निवडुंग आले, ते मला अजूनही उघडेबोडके वाटते.

माझी हरकत वेगळी आहे. ‘एका दिवसात ग्रँड कॅन्यन’ असे सांगून ज्या सहली विकल्या जातात, त्यांतल्या अनेक पश्चिम कड्यावर नेतात. ती वालापाई जमातीची भूमी आहे, राष्ट्रीय उद्यान नव्हे; काचेचा पूल तेथेच आहे. जे दृश्य छायाचित्रांत पाहून आपली माणसे येतात, ते बहुधा दक्षिण कड्यावरचे असते, आणि तेथे एका बाजूचाच प्रवास साडेचार तासांचा आहे. कोणता कडा, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे.

आणि ओसरी, आपल्याला यंत्रे नकोच असतील तर मुक्काम बोल्डर सिटीत करावा. धरणाच्या कामगारांसाठी वसवलेल्या त्या गावात आजही जुगाराला बंदी आहे. नेवाड्यात अशी गावे दोनच.

ओसरी :
बोल्डर सिटी मला ठाऊकच नव्हती. दोन रात्री तेथे ठरवल्या. आईला मात्र मावशीने व्हॉट्सॲपवर पाठवलेली ती कारंजी प्रत्यक्ष पाहायची आहेत, त्यामुळे एक संध्याकाळ शहरात जाईल. चकवा, याला आपण आपला विजय समजू नये.