'गट', आतडं की कोठा?

अमळनेर

आमच्या आबांना सहा वर्षांपासून कंपवात (पार्किन्सन) आहे. परवा त्यांना एक मराठी लेख वाचून दाखवत होतो. 'गटातील सूक्ष्मजीवांचा पार्किन्सनशी संबंध' असं वाक्य आलं आणि आबांनी थांबवलं, "कोणता गट?" बचत गट, शेतकरी गट त्यांना माहीत, हा गट कुठला? 'gut', म्हणजे आतडं, हा इंग्रजी शब्द देवनागरीत तसाच उतरवून ठेवला होता. मी 'पोट' म्हणून पाहिलं, तर त्यांचा हात बेंबीवर गेला. 'कोठा' म्हटल्यावर मात्र लगेच म्हणाले, "मन्हा कोठा ते पंधरा वरीसपाईन जड शे."

म्हणजे हात कापायला लागले त्याच्या नऊ वर्षं आधीपासून. आणि लेखाचा मुद्दा नेमका तोच होता: बऱ्याच रुग्णांत बद्धकोष्ठता कंपाच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेली असते. एका शब्दाने जे कळलं ते अख्ख्या लेखाने कळलं नव्हतं. मग आपण 'कोठा'च का लिहू नये?

धुळे

दादा, तुमचं म्हणणं पटलं. मी मराठी शिकवते, म्हणून थोडं व्युत्पत्तीबद्दल. संस्कृत 'कोष्ठ' म्हणजे आतली बंदिस्त जागा. त्यातूनच कोठा, कोठी, कोठार, कोठडी. 'बद्धकोष्ठता' या पुस्तकी शब्दातही कोठाच बसला आहे: बांधला गेलेला कोठा. कोठा जड, हलका, साफ ही बोलणी आपल्याकडे जुन्या पिढीत अजून रोजची आहेत. फक्त वऱ्हाडात गुरांच्या गोठ्याला कोठा म्हणतात, तेवढं तिकडच्या वाचकांसाठी लक्षात ठेवावं लागेल.

जळगाव

मी डॉक्टर आहे, म्हणून हरकत घेतो. घरात बोलताना कोठा उत्तम, संशोधन सांगताना अपुरा. आयुर्वेदातला कोष्ठ आतड्यापुरता नाही, धडाच्या पोकळीतले इतर अवयवही त्यात येतात. इथे जागा नेमकी लागते.

जर्मन संशोधक हायको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडलं की काही रुग्णांत आजाराची सुरुवात आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंच्या जाळ्यात होत असावी, आणि तिथून तो व्हेगस नसेच्या वाटेने मेंदूच्या देठाकडे चढत असावा. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटकी. ही नस मेंदूतून निघून छाती, पोट असं फिरत जाते. मराठीत तिला 'प्राणेशा' असा सुंदर शब्द आहे, तो वापरात यायला हवा. पूर्वी जठरव्रणासाठी ही नस कापत असत. डेन्मार्क (२०१५) आणि स्वीडनमधल्या (२०१७) जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांच्या या नसेचं खोडच कापलं होतं अशा लोकांत पुढे कंपवात थोडा कमी दिसला. थोडा कमी, नाहीसा नव्हे. शिवाय सगळ्यांतच सुरुवात आतड्यात होते असं नाही. काहींत ती मेंदूतच होत असावी असंही मानलं जातं.

गोळीचंही तसंच. लेव्होडोपा हे कंपवातावरचं औषध जठरातून पुढे सरकून लहान आतड्यात शोषलं जातं, आणि डाळ-दुधातली प्रथिनं त्याच दारातून आत शिरायला बघतात. म्हणून गोळी आणि जेवण यांत किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारावं लागतं. इथे 'कोठ्यात शोषलं जातं' म्हटलं तर रुग्णाला काहीच बोध होत नाही. जठर, लहान आतडं, मोठं आतडं हे शब्द वेगळेच ठेवा.

अमळनेर

डॉक्टरसाहेब, मान्य. पण 'जंतू'चं काय करायचं? त्याच लेखात २०१६ चा कॅलिफोर्नियातला, कॅलटेकचा प्रयोग होता. कंपवातासारखी लक्षणं येतील असे उंदीर जंतुविरहित वाढवले तर त्यांना त्रास कमी झाला. त्यांच्या आतड्यात रुग्णांच्या विष्ठेतले सूक्ष्मजीव सोडले तर निरोगी माणसांचे सोडलेल्या उंदरांपेक्षा हालचाली जास्त बिघडल्या. हे वाचून दाखवलं तर आमची आजी म्हणाली, "मग आबाला जंताचं औषध द्या." जंतू आणि जंत कानाला एकच. तेव्हापासून मी घरात 'सूक्ष्मजीव'च म्हणतो, लांब वाटला तरी.

शिरपूर

त्यापेक्षा 'विरजण' कसं वाटतं? आतड्यातलं विरजण. बायकांना एका क्षणात कळेल.

जळगाव

ताई, सूक्ष्मजीवांसाठी नको. लोक ताक-दही हाच कंपवातावरचा इलाज समजतील, आणि तसं सिद्ध झालेलं नाही. पण तुमचा शब्द दुसऱ्या जागी फार चपखल बसतो. या आजारात अल्फा-सिन्यूक्लिन नावाचं प्रथिन चुकीचं दुमडतं आणि शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखं दुमडायला लावतं. चमचाभर विरजण पातेलंभर दूध लावतं, तसंच. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी असं बिघडलेलं प्रथिन उंदरांच्या जठराच्या टोकाशी आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला टोचलं, तर ते मेंदूपर्यंत पसरलं. प्राणेशा कापलेल्या उंदरांत पसरलं नाही. इंग्रजीत याला बी पेरण्याचा शब्द वापरतात. पण पेरलेलं बी उगवतं, बाजूच्या दाण्याला बदलत नाही. विरजण बदलतं.

धुळे

'प्रथिनाचं विरजण लागतं.' मी हे वहीत लिहून घेतलं.

अमळनेर

आबांसाठी वाक्य असं केलंय, चुकलं असेल तर सांगा: "काही जणांत हा आजार आधी आतड्यात लागत असावा, म्हणून हात कापायच्या कितीतरी वर्षं आधी कोठा जड होतो. बिघडलेलं प्रथिन विरजणासारखं प्राणेशा नसेतून मेंदूकडे चढत असावं." शेवटचं 'असावं' मुद्दाम ठेवलंय.

नंदुरबारकडचं कोणी असेल तर भिलीत, पावरीत जड कोठ्याला काय म्हणतात तेही सांगा. आबांसोबत दवाखान्यात तोरणमाळकडचे एक बाबा बसलेले असतात, त्यांनाही हे सांगायचं आहे.