‘फेटाळले’, ‘नाकारले’ की ‘खोडून काढले’? (कॅव्हानॉ प्रकरण लिहिताना पडलेला प्रश्न)

ओसरी
मंडळी एका लेखात अडकलेय, मदत हवीय. विषय 2018 चा आहे, ब्रेट कॅव्हानॉ. जुलैमध्ये ट्रम्पनी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासाठी त्यांचं नाव पुढे केलं. सप्टेंबरात क्रिस्टीन ब्लासी फोर्ड या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने जाहीरपणे सांगितलं की 1982 च्या उन्हाळ्यात मेरीलँडमधल्या एका घरी पोरापोरींचा जमाव जमला होता, ती 15 ची, ते 17 चे, आणि त्यांनी तिला पलंगावर दाबून धरलं, ओरडू नये म्हणून तोंडावर हात ठेवला. कॅव्हानॉ म्हणाले असं काही घडलेलंच नाही. 27 सप्टेंबरला दोघंही सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे शपथेवर बोलले.
इथवर ठीक चाललं होतं. आता कॅव्हानॉंच्या निवेदनात एक वाक्य येतं, की फोर्डबाईंच्या आरोपाला नुसता दुजोरा मिळालेला नाही एवढंच नाही, तर त्या ज्यांची नावं घेतात त्याच लोकांनी तो ‘रिफ्यूट’ केलाय. आणि लगेच तोच शब्द पुन्हा एकदा सुटा, ‘रिफ्यूटेड’. मी लिहिलं ‘फेटाळला’. संपादकबाई म्हणतात ‘नाकारला’ कर. नवरा म्हणतो ‘खोडून काढला’. तिन्ही सारखे नाहीत एवढं कळतंय पण फरक नेमका कुठे ते सांगता येईना.

खडूस
फेटाळला अजिबात नको. फेटाळायला अधिकार लागतो. कोर्ट जामीन अर्ज फेटाळतं, सभा ठराव फेटाळते, राष्ट्रपती दयेचा अर्ज फेटाळतात. ज्याच्यावर आरोप झालाय त्याच्याकडे काही अर्ज आलेला नसतो निकाल द्यायला. तो फार तर नाकारेल. पण आपल्याकडे सर्रास ‘मंत्र्यांनी आरोप फेटाळले’ असं छापतात आणि सकाळी चहा पिताना वाचणाऱ्याला वाटतं चला प्रकरण मिटलं. माझ्या मते हे क्रियापद बातम्यांमधून हद्दपार व्हायला हवं, निदान आरोपाच्या संदर्भात तरी.

शिळोप्याची
खडूसराव, रुळलेला शब्द आहे हो. मागणी फेटाळतात, सूचना फेटाळतात, लग्नाचा प्रस्तावसुद्धा फेटाळतात, तिथे कुठे कोर्ट असतं?

खडूस
ताई, प्रस्ताव त्या माणसापुढेच ठेवलेला असतो ना? मंजूर करायचा की नाही ते त्याच्याच हातात. आरोप त्याच्यापुढे मंजुरीसाठी ठेवत नाहीत. तो लोकांपुढे ठेवतात. रुळलाय हे मान्य, पण रुळलेलं सगळं बरोबर असतं असं नाही.

पाटीपेन्सिल
तुमचं दोघांचं चालू द्या पण मूळ वाक्यात फेटाळणारे कॅव्हानॉ नाहीतच, साक्षीदार आहेत. म्हणजे कॅव्हानॉंनी स्वतः केलं ते ‘नाकारणं’, स्पष्टपणे, अनेकदा, त्याबद्दल वादच नाही. पण ते म्हणतात की बाकीच्यांनी ‘रिफ्यूट’ केलं. तर बाकीच्यांनी प्रत्यक्ष काय म्हटलं ते बघायला लागेल. मार्क जज, ज्याचं नाव फोर्डबाईंनी त्या खोलीतला दुसरा मुलगा म्हणून घेतलं, त्याने समितीला कळवलं की त्याला असा प्रसंग आठवत नाही. त्या घरी होते म्हणून फोर्डबाईंनी नावं घेतलेल्या बाकी दोघांचंही साधारण तेच, आठवत नाही, माहीत नाही. त्यातली एक तर फोर्डबाईंची जुनी मैत्रीण. तिच्या वकिलाच्या पत्रात अगदी हाच शब्द आलाय बघा, की ती फोर्ड यांचं म्हणणं रिफ्यूट करत नाही, तिचा फोर्डवर विश्वास आहे, पण दुजोरा देऊ शकत नाही कारण तिला काही आठवतच नाही. हे पत्र सुनावणीच्या नंतरचं. एका बाजूने ‘रिफ्यूट केलं’, दुसऱ्या बाजूने लेखी ‘रिफ्यूट करत नाही’, आणि दोन्ही त्याच एका बाईबद्दल.
म्हणून ओसरी, माझं मत ‘खोडून काढला’ला. कारण कॅव्हानॉंना दावा तेवढाच मोठा करायचा होता. खोडून काढणं म्हणजे पुरावा देऊन चूक ठरवणं. तो दावा खरा होता का हा वेगळा मुद्दा, तो वाचकाने ठरवावा, पण अनुवादात आपणच तो ‘नाकारला’ असा मवाळ केला तर भांडण कशावरून पेटलं तेच वाचकाला कळणार नाही.

अधिकउणे
पाटीपेन्सिल, अर्धंच सांगितलंत. त्या मैत्रिणीने पुढे 2019 मध्ये पत्रकारांना सांगितलं की तिला त्या गोष्टीवर भरवसा वाटत नाही. मी काही कॅव्हानॉंचा भक्त नाही पण एक टोक दिलं की दुसरंही द्यावं.

पाटीपेन्सिल
बरोबर आहे. पण 27 सप्टेंबर 2018 ला ते वाक्य बोललं गेलं तेव्हा हे घडलेलं नव्हतं, आणि ते पत्रसुद्धा नंतरचं, तेव्हा हातात होतं ते तिच्या वकिलाने कळवलेलं ‘आठवत नाही’ एवढंच.

शिळोप्याची
साक्षीदारांसाठी आपल्याकडे झकास शब्दप्रयोग आहे की, ‘कानावर हात ठेवले’! आठवत नाही, माहीत नाही, आमचा संबंध नाही.

खडूस
त्यात खोटेपणाचा वास आहे ताई. कानावर हात कोण ठेवतं? ज्याला माहीत आहे पण गुंतायचं नाही तो. सोसायटीत पाण्याची मोटर जळाली की सेक्रेटरीपासून वॉचमनपर्यंत सगळे ठेवतात तसे. इथे 36 वर्षांपूर्वीची संध्याकाळ आहे, आणि फोर्डबाई सोडून बाकीच्यांसाठी त्या संध्याकाळी लक्षात ठेवण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं, खरंच आठवत नसेल. ‘कानावर हात’ लिहिलंत तर तुम्ही डेमोक्रॅट झालात (कॅव्हानॉंना विरोध करणारा पक्ष), ‘खोडून काढला’ तुमच्या स्वतःच्या आवाजात लिहिलंत तर रिपब्लिकन (ट्रम्पचा पक्ष). साधं ‘आठवत नाही असं सांगितलं’ लिहा.

गावठी ड्रॅगन
इतका किस कशाला पाडताय, दोन्ही पक्ष आपापल्या सोयीनेच बोलत होते. क्लिंटनच्या वेळी बायकांवर अविश्वास दाखवणारे डेमोक्रॅट इथे ‘बायकांवर विश्वास ठेवा’ म्हणत होते, आणि 2020 ला बायडनवर आरोप झाला तेव्हा परत थंड झाले. आणि गंमत म्हणजे क्लिंटनची चौकशी करणाऱ्या केन स्टार या वकिलाच्या टीममध्ये कोण, तर हेच कॅव्हानॉ. तेव्हा रिपब्लिकनांना शीलाची फार काळजी होती.

अधिकउणे
ड्रॅगनभाऊ राजकारणाचा धागा वेगळा काढा ना, हा शब्दांचा आहे. तरी जाता जाता एक, तुम्ही जे सांगताय त्याला लोक ‘पक्षपाती’ म्हणतात आणि ‘पक्षीय’ही म्हणतात, ते एक नाही. समितीत 28 सप्टेंबरला मतं 11 विरुद्ध 10 पडली, बरोब्बर पक्षाच्या रेषेवर, ती झाली ‘पक्षीय’. पक्षपात म्हणजे एकाला माप वेगळं आणि दुसऱ्याला वेगळं, त्यासाठी पक्ष असायलाच हवा असं नाही, आई पण करते.

मधली सुट्टी
मला ‘सुनावणी’ हाच शब्द खटकतोय. मराठीत सुनावणी म्हटलं की डोळ्यापुढे कोर्ट येतं, आरोपी, फिर्यादी, तारीख पे तारीख. आणि तिथे सगळं भांडण तर याच्यावरच होतं की हे कोर्ट आहे का. डेमोक्रॅट म्हणत होते ही नोकरीची मुलाखत आहे, तीही आयुष्यभराच्या नोकरीची, इथे उमेदवाराला ‘दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष’ वगैरे लागू नाही, शंका आली तरी दुसरा माणूस बघता येतो. रिपब्लिकन म्हणत होते एका माणसाचं नाव मातीत घालताय, मग पुरावा द्या. रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम तर भर बैठकीत कॅव्हानॉंना म्हणाले की ही नोकरीची मुलाखत नाही, हा नरक आहे. आता आपण मराठीत सगळीकडे सुनावणी, साक्ष, आरोपी असं लिहिलं की निम्मा वाद आपणच रिपब्लिकन बाजूने निकालात काढतो. मग पुढे कुणीतरी हमखास लिहितं की ते ‘निर्दोष सुटले’. कुठून सुटले? खटलाच नव्हता, आरोपपत्र नव्हतं. सिनेटने 6 ऑक्टोबरला 50 विरुद्ध 48 मतांनी नेमणूक मंजूर केली एवढंच झालं.

खडूस
हा मुद्दा एक नंबर. ‘आरोपी’ तर नकोच. आपल्याकडे तो फौजदारी शब्द आहे.

शिळोप्याची
पण मग सुनावणीला पर्याय काय? ‘समितीची बैठक’ म्हणजे चहा बिस्किटं वाटतात. शपथ घेऊन बोलायचं, प्रश्न विचारायचे, शिवाय रिपब्लिकनांनी प्रश्न विचारायला ॲरिझोनाहून रेचेल मिचेल या सरकारी वकील आणून बसवल्या होत्या कारण त्यांच्या बाजूचे अकराच्या अकरा पुरुष! आता सरकारी वकील आणून बसवल्यावर ती मुलाखत कशी म्हणायची? आणि त्याच मिचेलबाईंनी नंतर टिपण दिलं की एकाचं म्हणणं विरुद्ध दुसऱ्याचं म्हणणं अशा केसेस अवघड असतातच, ही त्याहूनही कच्ची आहे, कुणी शहाणा वकील ही कोर्टात नेणार नाही. म्हणजे मुलाखतीचा निकाल कोर्टाच्या मापाने.

मधली सुट्टी
‘सुनावणी’ ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात सांगा की ही कोर्टाची नव्हे. मापाचं म्हणाल तर रिपब्लिकन सिनेटर सुझन कॉलिन्स यांचं 5 ऑक्टोबरचं भाषण बघा, त्यांनी निदान कुठलं माप लावतोय ते उघड सांगितलं. खटल्यातलं वाजवी संशयापलीकडचं नको, पण ‘घडलं नसण्यापेक्षा घडलं असण्याची शक्यता जास्त’ एवढं तरी हवं, आणि ते भरत नाही म्हणून होकार. पटो न पटो, माप तरी कळलं.

ओसरी
बाप रे, मी एक शब्द विचारला होता. कॉलिन्सबाईंच्याच भाषणावरून पुढचा प्रश्न, त्या फोर्डबाईंना ‘सर्व्हायव्हर’ (अत्याचारातून तरलेली) म्हणतात. मी ‘पीडिता’ लिहिलं तर मी बाजू घेतली असं होईल का?

पाटीपेन्सिल
इथे मजा आहे. एरवी हा शब्द म्हणजे झेंडाच होता, एका बाजूचे लोक ‘सर्व्हायव्हर’ म्हणायचे, दुसऱ्या बाजूचे ‘आरोप करणारी’. पण कॉलिन्सबाईंनी तो शब्द वापरला आणि तरी होकारार्थी मत दिलं. स्वतः कॅव्हानॉसुद्धा म्हणाले होते की फोर्डवर कुणीतरी कुठेतरी कधीतरी अत्याचार केला असेल, मी त्यावर शंका घेत नाही, तो मी नव्हे. म्हणजे ‘पीडिता’ दोघांनाही चालली असती, फक्त ‘कोणाची’ हा प्रश्न दोघांनी वेगळा सोडवला. तरी मी लिहिणार नाही. मराठीत ‘पीडिता’ म्हटलं की वाचक मनात गुन्हेगाराचं नाव भरून टाकतो, आणि त्या पानावर नाव एकच असतं. शिवाय हा शब्द बाईला कायमचं बिचारं करून ठेवतो. शंभर टक्के खात्री आहे असं सिनेटर डर्बिनना तोंडावर सांगणारी बाई आहे ती. ‘फोर्ड’ लिहा, पुरे.

अधिकउणे
आणि प्लीज ‘लैंगिक गैरवर्तन’ वर थांबू नका. त्या गोणीत काहीही मावतं, अश्लील जोक पण आणि बलात्काराचा प्रयत्न पण. 1991 ला अनिता हिल यांनी सुप्रीम कोर्टाचे तेव्हाचे उमेदवार क्लॅरेन्स थॉमस यांच्याबद्दल सांगितलं ते कामाच्या ठिकाणचं, वरिष्ठाने केलेलं बोलणं, त्याला ‘लैंगिक छळ’ हा आपला कायद्यातला शब्द नीट बसतो. फोर्ड सांगतात ती शारीरिक बळजबरी, तिथे ‘लैंगिक अत्याचाराचा आरोप’. दोन्हीला एकच लेबल लावलं की वाचकाला वाटतं तोच सिनेमा पुन्हा लागलाय.

गावठी ड्रॅगन
शब्दांचंच बोलायचं तर खरी शब्दचर्चा सिनेटमध्येच झाली राव! कॅव्हानॉंच्या शाळेच्या इयरबुकमधल्या नोंदी काढून सिनेटर व्हाइटहाउस एकेक शब्दाचा अर्थ विचारत बसले होते. ‘बूफ’ म्हणजे काय, तर म्हणे पादणं, आम्ही 16 वर्षांचे होतो. ‘डेव्हिल्स ट्रँगल’ म्हणजे काय, तर दारू पिण्याचा खेळ, तीन ग्लास त्रिकोणात ठेवतात. बाहेर लोक म्हणत होते छे, हा भलताच लैंगिक अर्थाचा शब्द आहे. त्याच दिवशी विकिपीडियावर त्या शब्दाच्या पानात ‘पिण्याचा खेळ’ असा अर्थ कुणीतरी घातला, आणि तो बदल झाला होता अमेरिकन संसदेच्या प्रतिनिधीगृहाच्या नेटवर्कवरून! पुढे काही वर्गमित्रांनी समितीला लिहून दिलं की हो, आम्ही तो खेळ खेळायचो. आपण इथे शब्दकोश काढून भांडतो, ते लोक शब्दकोशच बदलून आले.

शिळोप्याची
ड्रॅगनभाऊ, हे आधी सांगायचं ना, बाकीचं सगळं कशाला वाचलं मी 😄

मधली सुट्टी
त्याच दिवसातला अजून एक शब्द, ‘ब्लॅकआउट’. पिऊन झोप लागणं वेगळं आणि चालता बोलता असूनही दुसऱ्या दिवशी काही न आठवणं वेगळं. कॅव्हानॉ म्हणाले झोप लागलीय कधी, पण ब्लॅकआउट कधीच नाही. डेमोक्रॅट सिनेटर एमी क्लोबुशार यांनी पुन्हा विचारलं तर उलट त्यांनाच विचारलं, तुमचं झालंय का? (नंतर माफी मागितली.) सगळं प्रकरण या फरकावर येऊन टेकतं, कारण ब्लॅकआउट झाला असेल तर माणूस मनापासून ‘मी केलं नाही’ म्हणू शकतो आणि तरी केलेलं असू शकतं. मराठीत ‘शुद्ध हरपली’ लिहिलं की दोन्ही एकच होतं आणि तो प्रश्न का विचारला तेच कळत नाही. मी तरी ‘ब्लॅकआउट’च ठेवेन, पहिल्या वेळी ‘प्यायल्यावर मधलं काहीच न आठवणं’ असं सांगून.

खडूस
ठेवा. सगळं मराठीत केलंच पाहिजे असं माझंसुद्धा म्हणणं नाही.

ओसरी
सध्या असं केलंय, बघा: ‘कॅव्हानॉ यांनी आरोप साफ नाकारला. फोर्ड ज्यांची नावं घेतात त्यांनीच तो खोडून काढला आहे, असा त्यांचा दावा होता. प्रत्यक्षात त्या तिघांनी असा प्रसंग आठवत नसल्याचं किंवा त्याबद्दल माहीत नसल्याचं सांगितलं होतं.’

अधिकउणे
‘प्रत्यक्षात’ काढा. तो शब्द आला की पुढचं वाचायच्या आधीच आपण दाव्याला खोटं ठरवतो. नुसतं ‘त्या तिघांनी’ पासून सुरू करा.

पाटीपेन्सिल
काढू नका, मी तर म्हणेन ठेवाच. साक्षीदार काय बोलले ते कागदावर आहे, त्यात मत कुठे आलं?

खडूस
‘साफ’ पण बघा एकदा. नाकारणं साफ असतंच, वर परत साफ कशाला.