मदत हवी आहे: 'रणदुंदुभि'तली बाकीची पदं कुणाकडे आहेत का?

नमस्कार मंडळी,

'परवशता पाश दैवे' आणि 'दिव्य स्वातंत्र्य रवि' ही नाट्यपदं नाटकवेड्या घरांत सगळ्यांना पाठ. पण नाटक कुठलं विचारलं की हमखास 'संन्यस्त खड्ग' असं उत्तर येतं. (मीही यावर पैज हरले आहे.) नाटक 'रणदुंदुभि', वीर वामनराव जोशींचं, १९२७ सालचं. चाली वझेबुवांच्या, नाटक मंडळी बलवंत, आणि मास्टर दीनानाथ त्यात तेजस्विनीची भूमिका करायचे.

आजोबांच्या ट्रंकेत या नाटकाच्या पदांची चोपडी सापडली. आई आता ८७ वर्षांची आहे. त्यातलं एक पद ती गुणगुणते आणि दुसऱ्या ओळीपाशी अडते. "इथं अण्णा तान घ्यायचे," एवढंच म्हणते. शब्द चोपडीत आहेत, पण चालीच्या जागी कुठल्याशा चिजेचे (जुन्या बंदिशीचे) दोन शब्द छापलेत. तेव्हाच्या लोकांना तेवढं पुरत असेल, मला नाही पुरत! यूट्यूबवर फिरून फिरून तीच दोन-तीन पदं. चोपडीतल्या पानाचा फोटो जोडला आहे. हे पद कुणी ऐकलंय का, कुणाच्याही आवाजात?

दुसरं, गेल्या रविवारी जुन्या बाजारात एक लाखेची तबकडी मिळाली. लेबल अर्धं उडालंय, 'रणदुं' एवढंच वाचता येतं. एका दुकानात ती एलपीच्या (नंतरच्या काळातल्या लाँग प्ले तबकडीच्या) सुईवर लावली, नुसती खरखर. पुण्यात ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी नीट रेकॉर्ड करून देणारं कुणी आहे का? सदाशिव पेठेपासून कुठंही येईन.

प्रतिसाद:
ताई, आधी ती एलपीची सुई बंद करा. ७८ची खाच रुंद असते, बारीक सुई तळाला टेकून धूळच वाजवते. ७८ची जाड सुई वेगळी मिळते. प्लेअरला ७८चा वेग नसेल तर ४५वर वाजवून रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये वेग वाढवा. आणि काहीही झालं तरी स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते. माझी एक तशीच गेली.

लेबल गेल्याचं फार मनावर घेऊ नका. लेबलच्या कडेला गुळगुळीत पट्टा असतो, तिथं लाखेतच क्रमांक उमटलेला सापडेल. तो कंपनीच्या जुन्या याद्यांशी ताडला की गायक आणि पद दोन्ही कळतात. दोन्ही बाजूंचे क्रमांक वेगळे असतात, दोन्ही इथं लिहा.

धागाकर्ती:
टॉर्च तिरपा धरला तेव्हा दिसला! एका बाजूचा शेवटचा आकडा ३ आहे की ८, यावर घरात दोन पक्ष पडलेत. सकाळी गच्चीवर उन्हात फोटो काढून टाकते.