मदत हवी आहे: हेडलाइटचा कान तुटलाय, रीपासिंगला १९ दिवस उरलेत

नमस्कार मंडळी,

गाडी वॅगन-आर, २०१० ची, पेट्रोल, बाबांच्या नावावर. पंधरा वर्षं भरत आली म्हणून रीपासिंगचा, म्हणजे नोंदणी नूतनीकरणाचा, फॉर्म २५ भरला. विमा, पीयूसी, नवी नंबरप्लेट सगळं करून गेल्या आठवड्यात गाडी आरटीओत दाखवायला नेली. ब्रेक, हॉर्न, वायपर ठीक निघाले. मग साहेबांनी डाव्या हेडलाइटच्या काचेवर तळवा ठेवून दाबलं आणि लाइट बोटभर आत गेली. "कान तुटलाय. घट्ट करून आणा, मग बघू," एवढंच म्हणाले. कान म्हणजे लाइट बोल्टने धरणारी प्लॅस्टिकची पट्टी. त्यांचं बरोबरच होतं.

महिन्यापूर्वी बाजाराच्या दिवशी रिव्हर्स येणारा टेम्पो डाव्या कोपऱ्याला टेकला होता. बंपरवर चरा पडला, काच शाबूत, म्हणून मी लक्ष दिलं नाही. बाबा मात्र तेव्हापासून सांगत होते की समोरचे सारखे डिपर मारतात. बाबा ७१ वर्षांचे आहेत. दर पंधरवड्याला चिपळूणला आत्याकडे जातात आणि परतताना कुंभार्ली घाटातच अंधार पडतो. काल मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसून गेलो. उजव्या लाइटचा उजेड रस्त्याला धरून होता, डाव्या लाइटचा प्रत्येक खड्ड्याला उडून झाडांच्या शेंड्यावर जायचा. एका वळणावर तो समोरून येणाऱ्या एसटीच्या काचेवर गेला आणि माझ्या पोटात गोळा आला. त्यामुळे पासिंगपुरतं काहीतरी चिकटवून मोकळं व्हायचं नाहीये. नीट व्हायला हवंय.

बॉनेट उघडून पाहिलं. लाइट तीन ठिकाणी धरलेली आहे. वरचे दोन बोल्ट दिसतात, तिसरा बंपरच्या मागे आहे. वरचा आतल्या बाजूचा कान मुळातून तुटलाय आणि तुकडा अजून बोल्टखालीच अडकून आहे. आधी इन्स्टंट गोंद लावून रात्रभर ठेवला, सकाळी टिचकीने निघाला. मग दोन गोळे मळून लावायची इपॉक्सी पुट्टी लावली. ती चार दिवस टिकली आणि बिस्किटासारखी अख्खी सुटून हातात आली. आतून गुळगुळीत, प्लॅस्टिकचा एक कणही तिला चिकटलेला नव्हता. घासायला मी पॉलिशपेपरही वापरला होता, तरी असं का व्हावं?

आमचे मेकॅनिक म्हणतात पूर्ण लाइट बदला, पण नवीन पार्ट कधी येईल ते दुकानदार नक्की सांगत नाही. काच आणि रिफ्लेक्टर तर नव्यासारखे आहेत. तर हा कान पक्का जोडता येतो का? जोडलेली लाइट पासिंगला चालते का? आणि घरी बीम कसा लावायचा?

रानवाट
तारेने किंवा केबल टायने आवळू नका, एवढं आधी सांगते. आमच्या गाडीला तसं केलं होतं. टाय दोन महिन्यांत सैल पडली आणि ताणामुळे दुसरा कानही गेला.

पाना-पक्कड
दादा, मी बंपर वेल्डिंगची कामं करतो. लाइट काढून मागच्या बाजूला छापलेली अक्षरं बघा. पीपी-टीडी४० किंवा तसलं काही दिसलं, तर ते पॉलिप्रॉपिलीन (पीपी) आहे, टाल्क म्हणजे खनिजाची भुकटी मिसळलेलं. या प्लॅस्टिकचा पृष्ठभाग तेलकट ताटासारखा वागतो. कुठलाही साधा गोंद त्याला धरत नाही, कितीही घासा. तुमची पुट्टी अख्खी निघाली ती म्हणूनच. एबीएस हे दुसरं प्लॅस्टिक असतं तर इपॉक्सीने काम झालं असतं. पाण्यात तरंगलं तर पीपी, असं काही जण सांगतात. पण टाल्क भरलेला पीपी बुडतो, तेव्हा छापलेल्या अक्षरांवरच विश्वास ठेवा.

जोडायचं ते वितळवूनच. पण त्याआधी एक गोष्ट, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची: तुकडा ज्या पत्र्याला बोल्टने बसतो तो पत्रा टेम्पोच्या धक्क्याने वाकलाय का ते बघा. बॉनेट लावून दोन्ही बाजूंची लाइट आणि बॉनेटमधली फट मोजा. पत्रा आत गेला असेल तर आधी तो सरळ करून घ्या. नाहीतर लाइट ताणातच बसेल आणि जोडलेला कान पुन्हा तिथेच तुटेल.

मग लाइट परत गाडीतच बसवा. तुटका तुकडा त्याच्या बोल्टखाली जागच्या जागी असताना बाहेरचा आणि खालचा बोल्ट घट्ट करा, तुटलेल्या कडा जुळवा आणि सोल्डरिंग आयर्नने तीन-चार ठिकाणी फक्त टाका घाला. म्हणजे भोकाची जागा मिलिमीटरनेही चुकत नाही. बरेच जण लाइट टेबलावर घेऊन जोडतात आणि मग बोल्ट भोकात जात नाही म्हणून भोक मोठं करतात.

टाके पडले की बॅटरीची निगेटिव्ह काढा, बल्बचं सॉकेट सोडवा आणि लाइट बाहेर घ्या. भेगेवर व्ही आकाराची चर पाडा. स्टीलच्या चहागाळणीची जाळी कापून भेगेवर आडवी ठेवा, गरम टोकाने प्लॅस्टिकमध्ये बुडवा आणि वरून पीपीचाच भराव द्या. भंगारातल्या बंपरच्या पट्ट्या चालतात, फक्त मागे पीपी लिहिलंय का ते बघा. उलट बाजूनेही तसंच करा. पीपी साधारण १६५ अंशांना वितळतं, त्यामुळे आयर्न २५० च्या आसपास पुरे. पिवळट धूर निघाला की प्लॅस्टिक जळतंय आणि जळालेला जोड ठिसूळ होतो. काम उघड्यावर करा. काचेच्या कडेच्या सीलजवळ उष्णता नेऊ नका. ते सुटलं तर पावसाळ्यात आत दव धरेल. शेवटी बोल्टखाली रुंद वॉशर घाला आणि हाताला लागेल तेवढंच आवळा.

कागदपत्रवाला
जोडलेली लाइट चालते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ बघा. दिव्याची रचना, बसवणूक आणि निगा अशी हवी की बीम खाली झुकलेला राहील किंवा खाली झुकवता येईल. ८ मीटर अंतरावर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवता कामा नये. पार्ट नवा हवा असं तिथे कुठेच नाही, पण हलणारी लाइट ही अट पाळूच शकत नाही. मुदत मात्र चुकवू नका. १ एप्रिल २०२२ ला चारचाकीच्या नूतनीकरणाची फी ५००० रुपये झाली होती आणि उशीर केल्यास दर महिन्याला ५०० वेगळे होते. पासिंग झालं की ५ वर्षं बघायला नको.

रानवाट
बीमचं मी सांगते. सपाट जागा, समोर भिंत, भिंतीपासून लाइट बरोबर १० मीटर. टायरमध्ये हवा बरोबर भरा, चालकाच्या जागी कोणीतरी बसवा, आत लाइटची उंची बदलायचं चाक असेल तर ते शून्यावर ठेवा. लाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा आणि तिच्या १२ सेंटिमीटर खाली दुसरी रेघ मारा. लो बीमच्या उजेडाची वरची आडवी कड त्या खालच्या रेघेवर यायला हवी. डावीकडे ती कड तिरकी वर चढते, ती मुद्दाम तशीच असते, तिला खाली आणायला जाऊ नका. एकावेळी एकच लाइट उघडी ठेवा, दुसरीवर पोतं टाका. आणि १०० वॅटचा बल्ब घालायचा मोह नको. एच४ प्रकारचा ६०/५५ वॅटचाच ठेवा.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. पाना-पक्कड, तुमचा अंदाज खरा ठरला. डावीकडची फट उजवीपेक्षा ५ मिलिमीटर कमी होती, पत्रा आत गेला होता. तो गॅरेजमध्ये ओढून घेतला. लाइटच्या मागे पीपी-टीडी४० च छापलं होतं. पहिल्यांदा आयर्न जास्त तापलं, धूर आला. तेवढा भाग खरवडून पुन्हा केला. रात्री शाळेच्या भिंतीवर बीम बघितला तर चार बोटं वर होता. मागचा स्क्रू फिरवून खाली आणला. मग घाटात जाऊन आलो, एकाही गाडीने डिपर मारला नाही.

आज पासिंग झालं. साहेबांनी या वेळीही आधी तळवा ठेवून दाबूनच पाहिलं. लाइट जागची हलली नाही. उरलेली जाळी आणि पीपीची पट्टी बाबांनी कागदात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आहे.